केस वाढेपर्यंत

१७ जानेवारी
वडिलांचं सगळं कार्य आटोपून आज तेनालीहून विजयवाड्याला परत. उद्यापासून कॉलेज. ठराव : एक, रडायचं नाही. (अजून रडलोच नाहीये, त्यामुळे हा सोपा.) दोन, फिजिक्सचा उरलेला पोर्शन दहा दिवसांत उडवायचा. तीन, ही वही रोज लिहायची.
बायको, हैमावती, म्हणाली, अजून आठवडाभर रजा घ्या हो. तिला बॉटनीच्या अनसूया मॅडमची आठवण करून दिली. 'मन बरं नाही' असं लिहून त्यांनी तीन आठवडे रजा घेतली होती. परत आल्या तेव्हा त्यांच्या वर्गात दुसऱ्याच बाई शिकवत होत्या. आमची वर्षाची करारपत्रं मार्चअखेर निघतात. मनाचं काय ते एप्रिलमध्ये बघू.

१८ जानेवारी
गेटवरच्या हजेरीच्या मशीनने मला ओळखलं नाही. 'चेहरा जुळत नाही' आणि लाल दिवा. साहजिक आहे. डोक्याचा गोटा, मिशीही गेलेली. वॉचमन म्हणाला, सार, जरा जवळ या. मग म्हणाला, जरा लांब जा. मग म्हणाला, रजिस्टरात सही करा आणि आत जा, मागे रांग लागलीय.
वीस लाल दिवे झाले की फाईल डीनकडे जाते. पण केस महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढतात. वहीच्या मागच्या पानावर आलेख काढला. १० फेब्रुवारीपर्यंत प्रश्न सुटतो. विज्ञान शिकल्याचा हा फायदा.

२२ जानेवारी
केमिस्ट्रीचे सांबशिवराव तिरुमलाहून आले. तेही गोटा करून. मशीनसमोर उभे राहिले न राहिले तोच हिरवा दिवा. मला लाल.
दोन तास विचार केल्यावर कारण सापडलं. त्यांच्या डोक्याचा आकारच इतका भलता आहे की केस असले काय, नसले काय. माझं डोकं आदर्श गोल असल्यामुळे ही अडचण.
ते म्हणाले, पट्टाभी, नवा फोटो काढून घे की बाबा, दोन मिनिटांचं काम. फॉर्म आणून पाहिला. त्यात 'चेहरा बदलण्याचे कारण' असा रकाना आहे. फॉर्म परत केला. लेखी काही द्यायचं नाही हे पहिल्यापासूनच ठरलेलं आहे (आज ठरलं).

२६ जानेवारी
झेंडावंदन. बेल्टला दुसरं नवं भोक पाडलं. लोक यासाठी जिमला जातात. शिवाय रोज साडेतीनला आपोआप जाग येते, अलार्मची गरज नाही. थोर माणसं याच वेळी उठत. ती उठून काय करत ते माहीत नाही. मी पंखा बघतो.

२९ जानेवारी, दुपारी १.१०
नान्ना (वडिलांना आम्ही हेच म्हणायचो) रोज याच वेळी फोन करायचे. विषय एकच. जेवलास का रे? हो म्हटलं की, काय जेवलास? पप्पू-भात, आमचा वरणभात, म्हटलं की, तूप घेतलंस का? मग ठेवून द्यायचे. साठ सेकंदही व्हायची नाहीत. मी बऱ्याचदा 'क्लास आहे' म्हणून कट करायचो. या वेळी मला क्लास नसतो. कधीच नव्हता.
हल्ली एक दहाला फोन टेबलावर काढून ठेवतो. बॅटरी तपासायला.
डबा तसाच घरी गेला. हैमावतीला सांगितलं, परीक्षा तोंडावर आल्यात, मुलं डाउट विचारत बसतात. एकही मुलगा डाउट विचारत नाही, हे तिला कुठे माहीत आहे?

३ फेब्रुवारी
माहीत आहे. सांबशिवरावांनी सांगितलं.
हैमावतीने गुंटूरच्या एका मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. गुंटूर अशासाठी की इथलं कुणी भेटणार नाही. म्हणाली, नाही म्हणालात तर मी माहेरी जाईन. मी हो म्हणालो. ती आत गेल्यावर डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली. वेडे लोक असं आखीव काम करू शकत नाहीत.

६ फेब्रुवारी
लाल दिवे सोळा. आलेखाप्रमाणे केस आले आहेत, पण मशीन अडून बसलंय. म्हणजे मिशीच कारणीभूत. तेनालीत नाटकवाल्यांकडे हवी ती मिशी मिळते. चुलतभावाने बसने पाठवून दिली. दुर्योधनाची निघाली. कात्रीने कापून मध्यमवर्गीय केली.

७ फेब्रुवारी
मिशी लावूनही लाल. वर ती काढायचं विसरलो. दुसऱ्या तासाला फळ्याकडून वर्गाकडे वळलो तर मुलांच्या चेहऱ्यावर भलतंच लक्ष. इतकं लक्ष या वर्षात पाहिलं नव्हतं. खूश होऊन आणखी जोरात शिकवलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने खाली पडलेली मिशी अदबीने उचलून टेबलावर ठेवली.
हसणं थांबेना. मीही हसलो. घरी जाऊन हे नान्नांना सांगायचं असं मनात आलं आणि पुढचं गणित चुकलं.

११ फेब्रुवारी
हुकमी उपाय. माझा जुना फोटो, केसांसकट, गालांसकट, मोठा करून घेतला आणि मशीनसमोर धरला. मशीन भोंग्यासारखं ओरडायला लागलं. 'बनावट चेहरा.' सगळ्या कॉलेजने ऐकलं.
डीन चलपती यांनी बोलावलं. म्हणाले, मुलांनी कॉपी केली तर आपण काय करतो? मी म्हणालो, घरी पाठवतो. म्हणाले, मग? मी केसांचा आलेख दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाले, उद्या मशीनवाला येतोय. त्याच्या समोर उभे राहा. नाहीतर फाईल वर जाईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.
हैमावतीला सांगितलं, कॉलेज माझ्यासाठी खास माणूस बोलावतंय.

१२ फेब्रुवारी
मशीनवाला दस्तगिरी. पन्नाशीचा, कर्नूलचा, गळ्यात चष्मा. दुपारच्या सुट्टीत आला. डीन उभे, सांबशिवराव उभे, निम्मा स्टाफ हात धुवायच्या निमित्ताने उभा.
मी केसांपासून सुरुवात केली. त्याने मला मध्येच थांबवलं. म्हणाला, सार, मशीन केस बघतच नाही. केस बघितले असते तर तिरुपतीपायी अर्धा आंध्र गैरहजर लागला असता. ते डोळे बघतं, गाल बघतं, हाडं बघतं. मग त्याने लॅपटॉपवर माझे दोन फोटो शेजारी लावले. एक गेल्या जूनचा, एक आज सकाळचा. म्हणाला, हे बघा, गाल गेलेत. डोळे आत गेलेत. मशीनची काय चूक? हा माणूस दुसराच आहे.
दस्तगिरीने खुर्ची पुढे ओढली.
म्हणाला, बसा, नवीन घेऊ. सरळ बघा, हलू नका. मी सरळ बघितलं. तो बटणं दाबत होता. एक वाजून गेला होता. लॅपटॉपवरची नजर न काढता, आमच्याकडे कुणीही कुणालाही विचारतो तसं त्याने विचारलं, जेवलात का सार?
पुढचं नीट आठवत नाही. आवाज माझाच होता एवढं कळत होतं. भर गेटवर, डीनच्या पुढ्यात, सहा आठवड्यांचं सगळं एकदम. दस्तगिरी म्हणत राहिला, सार, मी सहज विचारलं, सहज विचारलं हो. वर्षाच्या पहिल्या दिवशी एक दहाला मी नान्नांचा शेवटचा फोन कट केला होता. स्टाफरूममध्ये दहीभात खात होतो. हो, जेवतोय, एवढंच सांगायचं होतं. तेही सांगितलं नाही.
तेवढ्यात मशीन बोललं. 'नोंदणी यशस्वी.'
सांबशिवरावांनी हाताला धरून आत नेलं आणि आवकाय लोणचं कालवलेल्या भाताचे चार घास भरवले. डीन दारात येऊन म्हणाले, मुलांसमोर नको, एवढं बघा. मग जाता जाता म्हणाले, तूप हवंय का?

१३ फेब्रुवारी
काल झालं ते झालं. नवा ठराव : कणखर चेहरा. आरशासमोर वीस मिनिटं सराव केला. हनुवटी वर, कपाळ सैल, नजर स्थिर. हैमावतीला विचारलं, कसा दिसतो? ती डबा भरत राहिली.
मशीनसमोर उभा राहिलो. काल रडताना काढलेला फोटो आत, आजचा कणखर चेहरा बाहेर. जुळणं शक्यच नव्हतं.
अर्ध्या सेकंदात हिरवा दिवा. वॉचमन म्हणाला, बघा सार, आता कसं पटकन ओळखलं.
गुंटूरला फोन केला. उद्याची साडेचारची वेळ मिळाली. करारपत्राचं काय होईल कोण जाणे. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज घेतला. त्यातही कारणाचा रकाना आहे. आधी 'घरगुती काम' लिहिलं, खोडलं. 'प्रकृती' लिहिलं, खोडलं. दुसरा कागद मागून घेतला.
वडील वारले, असं लिहिलं.