गळ्यातलं काढून ठेवा

१८ ऑक्टोबर २०२२

झालं! आठ नोव्हेंबरला रेडिओग्राफी डे, आणि भाषण मी ठोकायचं. आमच्या एक्स-रे विभागाच्या तय्यबा मॅडम म्हणाल्या, "एडविन, तुम बहुत बोलते हो." बडबड अंगाशी आली.

विषय सोपा आहे — १८९५, एक्स-रेचा शोध. शोध लावणाऱ्यानं पहिला फोटो काढला बायकोच्या हाताचा. हाडांवर अंगठी! बाई म्हणे घाबरली — मी माझं मरण पाहिलं! आणि लंडनात लगेच एक्स-रे-प्रूफ कपड्यांच्या जाहिराती! खूप हसलो. बायकोला, नोराला सांगितलं, पण तिचं लक्ष कुठं? उद्या भाऊ उतरतोय तिचा.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

अबू हमूरच्या चर्चमध्ये मिस्सा, मग बिर्याणी. मेव्हणा अलेक्स खूश आहे — वर्ल्ड कपसाठी हॉटेलात नोकरी! फक्त मेडिकल राहिलंय. हॉलमध्ये झोपतो, जरा खोकतो. "एसीची सवय नाही," नोरा म्हणाली. आणि मला, "एक्स-रे तूच काढ हां. घरचा माणूस असला की बरं."

२५ ऑक्टोबर

सकाळपासून आमच्या मेडिकल सेंटरवर हॉटेलवाल्यांच्या बसेस. दिवसभर तेच — गळ्यातलं काढून ठेवा, श्वास रोखा. अलेक्सच्या फोटोत छातीवर मेडल! वेलंकनी माऊलीचं, बनियनला आतून पिनेनं लावलेलं. "आईनं लावलंय, भावोजी. काढू नको म्हणाली."

काढायला लावलं. दुसरा फोटो. मेडलच्या जागी डाग.

फोटो डॉक्टरकडे पाठवला. काय करणार होतो?

३० ऑक्टोबर

टीबी. नोकरी खलास. सध्या हॉस्पिटलात, थोडं बरं वाटलं की परत वसईला.

नोरा ओरडली, "मेडल राहू दिलं असतंस तर झाकलं गेलं असतं!" अगं, डॉक्टरनं पुन्हा मागवलाच असता! "तू माणूस नाहीस, मशीन आहेस." तेव्हापासून अबोला. लग्नाला आठ वर्षं, घरात आम्ही दोघंच. त्यात ही गप्प, म्हणजे घर खायला उठतं.

भाषण पुन्हा वाचलं. हसू येईना. त्या नवऱ्याला काय दिसणार ते ठाऊक तरी नव्हतं. मला ठाऊक असतं, तरी मी 'श्वास रोखा' म्हणतो.

५ नोव्हेंबर

अलेक्सला औषध लागू पडतंय. टीबी घरात निघाला म्हणून आमचीही तपासणी. माझा एक्स-रे क्लिअर. आता नोराचा. तारीख तिनं फ्रिजवर चिकटवून कळवली! बायकांचे फोटो सलमा काढते, पण ती रजेवर.

८ नोव्हेंबर

नोरा आली. न सांगता गळ्यातलं काढून ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. बाईमाणसाला विचारावंच लागतं, म्हणून भिंतीकडे बघून विचारलं, "गरोदर आहेस?" उत्तर माहीत होतं, आठ वर्षं 'नाही'च. बोट बटणाकडे गेलं होतं.

"हो, एडी."

मशीन बंद केलं.