धरून ठेवलेला सूर

धायरी, पुणे
१२ जुलै २००५

तीर्थरूप आप्पा,

कौशल्येचा नमस्कार. मी ठीक आहे, डबाही चांगला मिळतो. तुमचा खोकला कमी झाला का? माईला म्हणावं, चटणी अजून पुरते आहे.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे. परदेशी सिंफनींची रेकॉर्डिंगं ऐकायची आणि प्रत्येकीची लय, षड्ज व भाव संगणकात भरायचा. मला कायम करायचं की नाही, ते शनिवारी ठरेल.

माझी एक चूक झाली. एका सिंफनीत खर्जातला एकच सूर बराच वेळ धरून ठेवला होता. तुमच्या तंबोऱ्याची सवय, म्हणून मी तोच षड्ज मानला. काम पाठवल्यावर पुन्हा ऐकलं, तर तो पंचम निघाला. खरा षड्ज बराच पुढे आला. मग जुनी सगळी तपासली. आणखी सहा ठिकाणी तेच केलं होतं.

कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. शनिवारपर्यंत गप्प राहावं असं वाटलं, आणि दोन दिवस राहिलेही. आज आमच्या विभागप्रमुखांना, आमोद साहेबांना सांगितलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. म्हणाले, "वा मॅडम! षड्ज तर बदलला, भाव तरी तोच ठेवायचा ना?" सगळे हसले, मीही हसले. मग ते दार लावून वरिष्ठांशी फोनवर बोलत बसले.

माईला इतक्यात सांगू नका.

शिष्य बेसूर झाला की तुम्ही पेटी थांबवून विचारायचात, "ऐकू आलं का?" आप्पा, मला ऐकू आलं होतं. सांगायला दोन दिवस लागले.

तुमची,
कौशल्या