खांद्यावरची बोटे

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, टीव्ही मालिकांच्या सेटवर दारे-खिडक्या उभ्या करण्यात आयुष्य घालवलेला इसम, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. भुसा फुप्फुसात बसला आहे, डोक्यात नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही. तो दाखवू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी पत्नी, आणि ती माझ्याशी कामापुरतेच बोलते.

१. राहते घर पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. मागच्या खोलीचे दार बदलू नये. जन्मभर पुठ्ठ्याची दारे केली, खऱ्या लाकडाचे हे एकच.

२. रंधे, पटाशा, करवती मुलीला. जावयाने हात लावू नये. त्याने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता, ते मी विसरलेलो नाही.

३. बँकेतली ठेव औषधांतून उरलीच तर पत्नीला.

४. पुढचा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणाले. मरणार मी आहे, बसवा म्हटले.

मालिकेत विधवा आईचे काम करणाऱ्या बाईंना भिंतीवर दिवंगत पती हवा होता. ज्या नटाचा फोटो लावायचा, तो ऐनवेळी रुसून गेला. मी शिडीवर होतो. दिग्दर्शक म्हणाले, "सुतार, तरुणपणचा फोटो आहे का तुमचा? चेहरा गरीब आहे, मेलेला शोभेल." माझ्याकडे एकच होता, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, आम्हा दोघांचा. "बायको कापून टाका," म्हणाले. मी कापली नाही. तिची बाजू मागे दुमडली, चौकट स्वतः केली, मागे सरस लावून फळी ठोकली. माझ्या खांद्यावरची तिची बोटे तेवढी पुढे राहिली.

मग वर्षानुवर्षे बाई त्या फोटोपुढे मन मोकळे करत. "तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी मोठ्याने हसत नाही हो." धाकट्या दिराचे त्यांच्यावर मुके प्रेम, मुलगा आईवेडा, सून नवऱ्यासाठी माहेर तोडून आलेली. त्या खोट्या घरात प्रत्येकाला कोणी ना कोणी होते आणि सगळ्यांत भाग्यवान तो मेलेला. मी दिव्यांमागे तोंडात खिळे धरून ऐकत असे. बरे वाटे, खोटे कशाला लिहू? बाईंना मात्र मी कोण ते कधीच कळले नाही. एकदा म्हणाल्या, "अहो सुतार, जरा सरका, माझ्या नवऱ्यावर सावली पडतेय." सरकलो.

पत्नीने पहिल्याच दिवशी टीव्हीवर ओळखले. मी घरात पाऊल टाकले तर म्हणाली, "बोटं तेवढी माझी ठेवलीत. बाकीची मी कुठे टाकलीत?" दमलो होतो, डोके फिरले. म्हणालो, "कचऱ्यात." नंतर "दुमडलाय गं, कापला नाही" असे सांगितले तर म्हणे, "दाखवा." एक दिवस चौकट घरी आणायला मला काय धाड भरली होती? पण तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा माझा हट्ट. दोघेही हटून बसलो आणि आमचे निरोप इकडून तिकडे नेत मुलगी मोठी झाली.

आजार कळला तेव्हा मी विचारले, "मी गेल्यावर रडशील तरी का?"

ती भाजी निवडत होती. "रडायला आहे की ती टीव्हीवरची. इतकी वर्षं रडतेय. माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलंय तिने?"

मालिका संपली. सेट मोडायला मीच गेलो, चौकट घरी आणली, फळी काढली. दिव्यांच्या उष्णतेने आणि माझ्याच सरसाने घडी फळीला चिकटली होती. सोडवताना तिचा चेहरा कागदावरून निघाला आणि फळीवर राहिला, तोही अर्धा. कागदावर मान आहे, हात आहे, वर नुसते पांढरे. मी तिथेच बसून रडलो. कापला असता तर निदान तो तुकडा कपाटात जपून ठेवता आला असता. तिला दाखवायची छाती झाली नाही.

५. ती चौकट, फळीसकट, पत्नीला. फोटोत मी हसतो आहे. फोटोवाल्याने कळ दाबण्यापूर्वी तिने कानात सांगितले होते, "शर्टाची बटणं एक घर चुकलीत तुमची." त्याचे ते हसू आहे. बाईंचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

६. माझ्यामागे भिंतीवर माझा फोटो लावू नये. बाई भेटायला आल्याच तर त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, रडू देऊ नये.

७. माझ्यासाठी रडण्याचा हक्क माझ्या पत्नीचा आहे. तो तिने बजावावा अशी सक्ती नाही. पण तो मी दुसऱ्या कोणाला दिला होता, असे तिने समजू नये.

सही केली.

साक्षीदार:
सेटवरचा दिवेवाला (सही)
शेजारचा शिंपी (सही)

ठिकाण: राहते घर, मागची खोली, दार आतून लावलेले
तारीख: ९ मार्च