धाकटीचा घाणा

प्रिय धाकटे,

तुझं बरं चाललंय, असं डोंगरावरून तेलाचं बी घेऊन उतरणाऱ्या बायका सांगतात. पण त्यांचं काय, तू तापाने फणफणत असलीस तरी त्या 'बरं आहे'च म्हणतील.

आपला घाणा चालू आहे. आठवतं, पहिल्या दिवशी दोघी त्याच्या दांड्याला लोंबकळलो, आणि तेल म्हणून जे आलं त्यापुढे चिखल बरा? तू त्यातच बोट बुडवून माझ्या भेगाळलेल्या टाचांना लावलंस. "जाऊबाई, पायांना रंग कुठे कळतो?" म्हणालीस. हसून हसून पुरेवाट झाली होती.

तुमच्या वस्तीच्या बायका बी वेचायच्या, व्यापाऱ्याच्या मापात ओतायच्या आणि तो देईल ते घेऊन निमूट परतायच्या. तेल आपणच का काढू नये, हे तुझ्याच डोक्यात आलं. आईंनी केवढं आकांडतांडव केलं! डोंगरावरची सून आली हेच त्यांना पचलं नव्हतं, त्यात तिकडच्या बायका आपल्या ओसरीवर. भाऊजी मात्र तुझ्या बाजूने. बाटल्या विसळताना काय बेसूर गायचे! ते देवाघरी गेले, आणि तू बोचकं उचललंस तेव्हा आईंनी तुला थांब म्हटलं नाही. मी फाटकापर्यंत आले. तू वळून पाहिलं नाहीस.

तुझ्यामागे आई बायकांवर लक्ष ठेवायला म्हणून बसू लागल्या. मग रिकामं बसवेना, म्हणून झाकणं लावू लागल्या. आता कुणी उशिरा आली की "पोरीला बरं नाही का गं?" असं विचारतात. परवा तो व्यापारी आला. "आजी, घाणा विकून टाका, कटकट नको," म्हणाला. आईंनी त्याला असा फैलावर घेतला की बिचारा चपला विसरून पळाला. "घाणा माझ्या धाकट्या सुनेचा आहे. विकणारी मी कोण?" मग त्या भिंतीकडे तोंड करून एकच बाटली पुसत राहिल्या, कितीतरी वेळ.

दुसरा घाणा घ्यायचं ठरलंय, आणि तो तुमच्या वस्तीवर बसवायचा, तुझ्या हाताखाली. सांगायला मी येणार होते. आई म्हणाल्या, "मी जाते." गुडघ्यांची आठवण करून दिली, तर माझ्यावरच डाफरल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण आधी तिला विचार. न विचारता तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणून हे पत्र. त्या शेजारीच बसल्यात, काय लिहिलंस म्हणून सारखं विचारतात. सांग, येऊ दे का त्यांना?

तुझीच,
थोरली