बेंदराचे बैल

आई,

काल बेंदूर झाला. आपल्या रानातल्या मातीचे बैल चार दिवस आधीच करून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवले होते, तू ठेवायचीस तसे. खरं सांगू, यंदा तेवढंही जिवावर आलं होतं.

तुझा शेवटचा बेंदूर आठवतो. मी शिल्पकला शिकून नुकतीच घरी परतलेली. तू चुलीपाशी बसली आहेस, पुढ्यात परात, परातीत आपल्याच रानातली माती. आधी केलेल्या बैलांच्या पाठीवर पांढरा थर आलाय आणि तू तो पदरानं पुसते आहेस. पुसला की दुसऱ्या दिवशी परत येतो. मी शहाणपणानं म्हटलं, माती नीट मळली नसशील. तू भडकलीस. "माज्या मळण्याला नावं ठिवू नगं. रान खारावलंय आपलं. उसाला पाणी पाजून पाजून मीठ वर आलंय. तू मातीचंच शिकून आलीस न्हवं, तुला दिसंना व्हय?"

तू गेल्यावर ते रान मी घेतलं. ऊस मोडला, मीठ धुवून जावं म्हणून चर खणले, खतासाठी ताग गाडला, शेणखत घातलं. सकाळी रान आणि दुपारनंतर शिल्पं, असं ठरवलं होतं. ठरवायला काय जातंय! रान दुपारही खातं. संध्याकाळी मातीसमोर बसते तर बोटं वळत नाहीत. अर्धवट मूर्तींवरची ओली फडकी वाळून कडक होतात. तुझी कला सणापुरती होती, म्हणून तुला झेपली. मी दोन डगरींवर पाय ठेवले आणि आता दोन्ही पाय दुखतात.

परवा तुझा धाकटा आला होता. "आक्का, रान दे की मला वाट्यानं. आता सुधारलंय, ऊस लावतो. तू तुजी शिल्पं कर निवांत. किती वडाताण करशील?" मायेनं म्हणाला गं. पण ऊस म्हणजे पुन्हा तेच पाणी, तेच मीठ. बेंदूर झाल्यावर सांगते म्हटलं.

आज सकाळी पूजेतले बैल रानात सोडायला नेले आणि बांधावर सहज त्यांच्या पाठीवरून बोट फिरवलं. काळी, कोरडी माती. पांढरं कुठंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तू असतीस तर तुला दाखवायला पळत आले असते. तिथूनच त्याला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं.

"बरं," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. त्यानं अजून एकदा विचारावं, असं वाटून मी बांधावर किती तरी वेळ फोन कानाला धरून उभी होते.