फ्रीझ उठेपर्यंत

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू ठणठणीत असशील असं धरून चालते. चिडलेली माणसं सहसा आजारी पडत नाहीत.

हे मुद्दाम कागदावर लिहितेय. मेल आली की तू पहिली ओळ वाचतोस आणि उरलेल्या मजकुराला मनानेच उत्तर देऊन मोकळा होतोस. कागद निदान उलटून तरी बघशील.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. लॅबमध्ये कवळ्यांचं काम वाढलंय. नवीन भट्टी आली, ती जुनीपेक्षा हट्टी निघाली. मालक म्हणाले, "तुझ्याशी पटेल तिचं." मी हसले नाही.

आईचं विचारलं होतंस. आई बरी आहे. फोनवर कमी बोलते, कारण सध्या तिला बोलायचं नाहीये. बाकी तिचं ती सांगेल.

आता मुद्द्याचं. प्रोग्रॅममध्ये तुझा नवा "झपाटा" आत्ताच घ्यायचा का, या तुझ्या मेलमधल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. "विचार करते" नाही, "बघू" नाही. नाही.

आईची नजर गेली त्या वर्षी तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हा प्रोग्रॅम लिहायला घेतलास. पडद्यावर जे दिसतं ते मोठ्याने वाचून दाखवणारा. तो तुझा आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण आज तो कुठल्या कुठल्या देशांतली न बघणारी माणसं वापरतात, आणि आपल्यासारखीच काही माणसं नोकऱ्या सांभाळून, एक पैसा न घेता तो सांभाळतात. त्या सगळ्यांनी मिळून नवी आवृत्ती बाहेर काढायचं काम माझ्याकडे दिलं. मी फार मोठी प्रोग्रॅमर आहे म्हणून नव्हे. त्यांच्यातले वकीलसाहेब तेव्हा म्हणाले होते, "हिला नाही म्हणता येतं, आणि म्हटल्यावर झोपही लागते." असा माणूस त्यांना हवा होता.

फ्रीझ लागला की आत नवीन काही जाणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील, हा नियम तूच लिहिला होतास. मला तो समजवावा लागला नाही. दाताच्या साच्यात प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत टेबलाला धक्कासुद्धा लावायचा नसतो. एकदा हललं की पुढे कितीही घासा, ती कवळी तोंडात बसत नाही. या काळात आपले लोक तोच तो प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वापरून बघतात. वकीलसाहेब स्वतः डोळ्यांनी बघू शकत नाहीत, ते कोर्टातून आल्यावर रोज तासभर बसतात. भाषांतराचं बघणाऱ्या बाई तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसतात. त्यांनी तपासलेल्या वस्तूत तू मागच्या दाराने काही घालायचं, म्हणजे त्यांची मेहनत पाण्यात.

तुझा "झपाटा" चांगला नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. एकदा ऐकवलेली ओळ पुन्हा ऐकवायची नाही, त्यामुळे वेळ वाचतो, हे खरं. तो तू कुणासाठी केलास हेही मला माहीत आहे. "हा मेला तेच तेच बडबडतो" असं आई वर्षानुवर्षं म्हणत आलीये. पण महिनाअखेरच्या मेळाव्यात तुला तो मंचावरून दाखवायचाय, हे फ्रीझ मोडायचं कारण होऊ शकत नाही.

आणि खडूच्या तक्रारीचं काय? खडू हे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी सरळ लिहिलं होतं, "झपाटा लावल्यावर एका ओळीतला 'बंद' हा शब्द मला ऐकू आला नाही. पूर्ण ओळच गाळली गेली. परिणाम गंभीर होऊ शकतात." तू खाली लिहिलंस, "प्रोग्रॅम बरोबर आहे. ऐकणाऱ्याने लक्ष देऊन ऐकावं." आणि तक्रार निकालात काढलीस. दादा, ती पुन्हा उघड. एवढं ऐक माझं.

आईचा आशीर्वाद, नेहमीसारखा.

तुझी,
भुंगा


१४ मार्च

दादा,

या वेळी हालहवाल नाही.

तू संस्थापकाची परवानगी वापरून झपाटा परस्पर आत घातलास. मी तो त्याच दिवशी बाहेर काढला. मग तू पुन्हा घातलास. मी पुन्हा काढला, आणि वकीलसाहेब व भाषांतरवाल्या बाई दोघांना विचारून तुझी परवानगी बंद केली. दोघांनी लगेच हो म्हटलं. बाईंनी फक्त विचारलं, "भाऊ आहे ना तुझा?" मी म्हटलं, "आहे. म्हणूनच दुसऱ्याला करायला लावत नाही."

तर तुझ्या प्रोग्रॅमला तुला हात लावता येत नाही, तो मी लावू देत नाहीये. गावभर सांगायचं असेल तर सांग. सांगितलंच आहेस म्हणा.

आपल्या ग्रुपवर टाकलेला तुझा तो लांबलचक मजकूर सगळ्यांनी वाचला. मी धाकटी बहीण, मला ही जागा तुझ्यामुळे मिळाली, मला तुझं चांगलं बघवत नाही. हे मी गिळलं असतं. लहानपणापासून तुझ्याकडून याहून कडू गिळलंय. पण पुढे तू लिहिलंस की खडू नावाचा कुणी माणूसच नाही. माझं म्हणणं खरं करण्यासाठी मीच ते बुजगावणं उभं केलं.

त्या दुपारी आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ग्रुपवरचे निरोप ऐकत होती. रोज ऐकते, तुला माहीत नसेल. कोण कुणाशी भांडलं, कुणी काय दुरुस्त केलं, सगळं तिला ठाऊक असतं. मी भांडी विसळत होते. तुझा मजकूर संपला तसं तिने तो परत सुरुवातीपासून लावला. मग कॉम्प्युटर बंद केला.

"म्हणजे मी नाहीच का?" ती म्हणाली.

मी नळ बंद केला.

"सदतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली मी," ती म्हणाली. "पोटच्या पोराने मलाच गैरहजर लावलं."

दादा, खडू म्हणजे आई.

मागच्या पत्रात मी हे सांगितलं नाही, कारण तिने मला शब्द द्यायला लावला होता. आज तिने मला त्यातून मोकळं केलं. "लिही आता," म्हणाली. "पण रडगाणं नको. काय झालं तेवढंच लिही." तेवढंच लिहिते.

जानेवारीत तू आईच्या कॉम्प्युटरवर तिकडून झपाटा चढवून दिलास, बाकीच्यांना चाचणीला द्यायच्या आधी, खास तिच्यासाठी. ती आठवडाभर हवेत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझ्या मुलाने याची बडबड कमी केली. दवाखान्यातून तिला औषधांचे निरोप येतात. जुन्या निरोपात ओळ होती, "रक्तदाबाची लाल गोळी सकाळी एक." मग डॉक्टरांनी औषध बदललं. नवीन निरोपात पहिली ओळ, "रक्तदाबाची लाल गोळी बंद." दुसरी ओळ, "पांढरी गोळी सकाळी एक." वेळ वाचावा म्हणून तुझा झपाटा ओळीचे पहिले दोनतीन शब्दच ताडून बघतो. "रक्तदाबाची लाल गोळी" हे त्याने आधी ऐकवलेलं होतं, म्हणून त्याने ती ओळ गाळली. आईला फक्त पांढरी गोळी ऐकू आली. तिला वाटलं, एक वाढवली. तिने दोन्ही घेतल्या, रोज.

मग एका सकाळी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मी लॅबमध्ये होते. संध्याकाळी आले तर ती पलंगावर बसली होती, भुवईवर टॉवेल दाबून, डावा हात मांडीत धरून. फरशी तिने स्वतः पुसली होती, अंदाजाने, एका हाताने. कोपऱ्यात राहिलेलं रक्त मी नंतर पुसलं. मनगट मोडलं होतं. भुवईला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, डोकं बेसिनच्या काठावर सरळ आदळलं असतं तर तुम्ही माझ्याकडे आला नसता.

कारण तिनेच शोधलं. घरी आल्यावर तिने दोन्ही निरोप माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, मग प्रोग्रॅमकडून ऐकले, मग झपाटा काढून पुन्हा ऐकले. "सापडलं," म्हणाली, जसं एखाद्या मुलाच्या वहीत गणित कुठे चुकलं ते सापडावं. तक्रार उजव्या हाताच्या एका बोटाने लिहिली. नाव का दिलं नाहीस विचारलं तर म्हणाली, "त्याने हे माझ्यासाठी केलंय. मी पडले हे कळलं तर तो या कामाला परत हात लावणार नाही. त्याला चूक कळली म्हणजे झालं, कुणाची ते कळायला नको." खडू हे नाव तिने घेतलं. तिच्या पदराला जन्मभर खडू होता, दादा. मला वाटलं होतं, तू ते नाव वाचशील आणि थांबशील.

तू उत्तर दिलंस, ऐकणाऱ्याने लक्ष देऊन ऐकावं. आई आधी हसली. म्हणाली, "हे माझंच वाक्य आहे. वर्गात रोज म्हणायचे." त्या दिवसापासून ती तुझ्याशी फोनवर कमी बोलते.

आता तुझ्या धमकीबद्दल. शुक्रवारपर्यंत परवानगी परत दिली नाही तर तू सगळा कोड घेऊन वेगळी चूल मांडशील म्हणतोस. मांड. कुणालाही घेता यावा म्हणूनच तो उघडा ठेवलाय, तुलाही घेता येईल. फक्त तिथे जाशील तेव्हा झपाटा जसा आहे तसा माणसांच्या हातात देऊ नकोस. ते सगळे आपल्या आईसारखे आहेत, आणि त्यांच्या घरी संध्याकाळी येणारी बहीण असेलच असं नाही.

मी माफी मागणार नाही. राजीनामाही देणार नाही. फ्रीझ ठरल्या दिवशी उठेल, त्याआधी नाही.

आईने सांगितलंय ते तिच्याच शब्दांत देते. "त्याला म्हणावं, रडत येऊ नकोस. येणार असशील तर चूक घेऊन ये."

बहीण


२ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. आईच्या हाताचं प्लास्टर आज निघालं. हात बारीक दिसतो, पण बोटं सगळी हलतात. परत येताना तिने रिक्षावाल्याला रस्ता चुकतोयस म्हणून सुनावलं, तेव्हा ती बरी झाली यावर माझा विश्वास बसला.

तू आलास, दोन दिवस राहिलास आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेलास. म्हणून पुन्हा कागद.

तू दारात उभा होतास तेव्हा मी मुद्दाम आत निघून गेले. आईने तुझा चेहरा चाचपला आणि "वजन वाढलंय" म्हणाली, ते मला ऐकू आलं. तू तिच्या भुवईवर हात ठेवलास तेही दारातून दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने तुला पडदा काळा करून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आता माझ्यासारखं वापर," म्हणाली. तू एकदा वैतागून म्हणालास, "आई, हे फार हळू वाचतंय." ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर तुला सांगत होते ना. पण सगळं वाचतंय." जेवणाची वेळ टळली तरी उठला नाहीस.

फ्रीझ ठरल्या दिवशी उठला. नवी आवृत्ती बाहेर पडली, झपाट्याशिवाय. आतापर्यंत दोन बारीक तक्रारी आल्या, दोन्ही निस्तरल्या. वकीलसाहेबांनी लिहिलं, "या खेपेला मला कुणावर खटला भरावासा वाटत नाही." त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

मेळाव्यातलंही त्यांनीच सांगितलं. तू मंचावर गेलास, झपाटा अजून माणसांच्या हातात देण्याजोगा नाही, एका बाईला त्याने पाडलं, एवढं म्हणालास आणि खाली उतरलास. त्या बाई कोण हे तू सांगितलं नाहीस. मी हे आईला सांगितलं. तिने उशीची खोळ दोनदा घातली, दोनदा काढली.

मला तुझा अभिमान वाटला. हे मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही, तेव्हा नीट वाचून घे.

आता, जाताना तू आईला म्हणालास, "तिला सांग, आता तरी माझी परवानगी परत दे." आईने निरोप दिला आणि स्वतःचं मत दिलं नाही. उत्तर नाही असं आहे. फ्रीझ मोडणाऱ्याला पुढची एक आवृत्ती बाहेर पडेपर्यंत परवानगी नाही, हे मागच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. नियम तुझ्यावरून झाला, पण तुझ्यापुरता नाही. उद्या मी मोडला तर मलाही लागेल. तू आमच्यातला पहिला आहेस, घरातला थोरला आहेस, आणि तरीही नाही.

खडूची तक्रार तू पुन्हा उघडलीस ते मी पाहिलं. खाली दुरुस्ती लिहायला घेतलीयस तेही पाहिलं. ती बाकीचे पाठवतात तशी पाठव. दोघं जण ओळन् ओळ तपासतील, दोघांचं होकारार्थी उत्तर आलं तरच ती आत जाईल. त्या दोघांत एक मी असणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. चुकलेलं दिसलं की परत पाठवीन. दहादा चुकलं तर दहादा पाठवीन. कंटाळशील, चिडशील, पुन्हा गावभर काहीबाही लिहिशील, तरी परत पाठवीन.

पाठव मात्र. लॅबमधून आले की रोज आधी तेच बघते, आलंय का.

तुझी, आणि तुला कसलीही सूट न देणारी,
धाकटी