बोलका थर्मास

३ मार्च
आजपासून मी ‘हेड, इनोव्हेशन’. वेगळी केबिन, फिरती खुर्ची. साहेबांनी बोलावून सांगितलं की आपल्या थर्मासचं झाकण गळतं, लोक वैतागलेत, तेवढं बघा. तेवढं बघा! गवयाला बोलावून तंबोरा पुसायला सांगण्यातला प्रकार. मान डोलावली.
संकल्प : झाकणाकडे बघायचं नाही. थर्मासकडे समग्र बघायचं.

४ मार्च
बायको शाळेत शिकवते. तिच्या पिशवीत आपल्याच कंपनीचा थर्मास. मुलांच्या पेपरांवर चहा सांडला म्हणाली. वर म्हणते, आता हेड झालात तर झाकण तेवढं बघा. साहेबांशी हिचं परस्पर बोलणं झालंय की काय?

१० मार्च
केबिनच्या भिंतीवर पूर्ण प्रोसेस चिकटवली. कल्पना, आराखडा, नमुना, चाचणी, उत्पादन. सगळ्यात जास्त वेळ चाचणी खाते. म्हणून चाचणी काढून टाकली. प्रोसेस एका दुपारीत निम्म्यावर! हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

१८ मार्च
दाढी करताना सुचलं. थर्मास बोलला पाहिजे! माणूस चहा भरतो आणि विसरतो. थर्मासने स्वतःहून सांगावं : ‘मी अजून गरम आहे!’ किंवा ‘मी गार होतोय!’
मीटिंगमध्ये सेल्स मॅनेजर म्हणाले, चहा ओतला की कळतंच ना गरम आहे का ते. आजपासून मी त्यांना ‘खोडा’ म्हणणार.

२९ मार्च
नमुना तयार. सर्किट मेहुण्याने बसवलं (त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे). आवाज माझा. निवेदक फार मागत होता, आणि माझा आवाज मुळात भारदस्त आहे. मेहुणा म्हणाला, दाजी, हा जरा धक्का लागला तरी बोलतो. मी म्हटलं, उत्साही आहे.
वायरसाठी झाकणाला भोक पाडावं लागलं. गळती वाढली. पण आता ती नेमकी कुठून होते हे तरी ठाऊक आहे.

५ एप्रिल
दिवसभर जाहिरातीच्या ओळी लिहिल्या. संध्याकाळी बायको बॅग घेऊन दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. हो हो म्हणालो. यमक जुळत आलं होतं.

७ एप्रिल, सकाळ
साहेबांच्या आई गेल्या. वाईट झालं. ऑफिसातले सगळे भेटायला जाणार. चहा कुणीतरी नेलाच पाहिजे. मी नेतो. बोलक्या थर्मासमधून. साहेबांना तेवढाच विरंगुळा.

७ एप्रिल, संध्याकाळ
तटस्थपणे नोंदवतो.
आईंना हॉलमध्ये मधोमध ठेवलं होतं. सगळे गप्प. थर्मास शेजारच्या टेबलावर ठेवला. खोड्याचं कोपर टेबलाला लागलं (मुद्दाम?) आणि त्या शांततेत खणखणीत आवाज आला : ‘मी अजून गरम आहे!’
साहेबांची मावशी किंचाळली. डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली. मी बटण शोधत थर्मास छातीशी धरून हलवला, तेव्हा तो म्हणाला, ‘मी गार होतोय!’ मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. चहा साहेबांच्या पायांवर. साहेब एकच शब्द बोलले : ‘झाकण.’
एकंदरीत प्रतिसाद मोठा. आपल्या मालाकडे एवढं लक्ष आजवर कुणी दिलेलं नाही.

९ एप्रिल
घरात कमालीची शांतता. माझ्या कामाचा मान राखून बायको भांड्याचा आवाजसुद्धा करत नाही. स्वयंपाकही नाही. ब्रेड खाल्ला, बरा होता. परवा साहेबांनी बोलावलंय. बहुधा पगारवाढ. शर्टाला स्वतः इस्त्री केली. बाही जळाली. कोट घालीन.

११ एप्रिल
पगारवाढीचा विषय निघाला नाही. इनोव्हेशन विभाग बंद. खोड्याने झाकणात रबराची रिंग बसवून घेतलीय, थेंब गळत नाही म्हणे, दुकानदार पेट्यांवर पेट्या मागताहेत. (गळतं कुठून, हे मूलभूत संशोधन माझं. कुणी नाव घेतलं नाही.) केबिन खोड्याला. मला तक्रारींचा फोन. खुर्ची फिरत नाही.
समोर कार्ड चिकटवलंय, त्यातले प्रश्न क्रमाने विचारायचे. पहिला फोन आला. नमस्कार, आपली तक्रार सांगा, म्हणालो.
पलीकडे बायको. म्हणाली, घरी सांगून ऐकू जात नाही, म्हणून ऑफिसच्या नंबरावर लावला. पाच तारखेपासून मी ताईकडे आहे. तुम्हाला पत्ता तरी आहे का?
मी कार्डाकडे पाहिलं. कार्डावरचा पुढचा प्रश्न तोंडून गेला : वस्तू कधी घेतली होती?
सतरा वर्षांपूर्वी, म्हणाली. मग तिनेच विचारलं, दुरुस्त होते, की बदलूनच घ्यावी लागते?
मी म्हटलं, वरिष्ठांना विचारून कळवतो.